रक्ताची पहिली गुळणी

१९११ साली छातीतील महाधमनीच्या विस्फारावर, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची भिंत दुबळी होऊन तिला आलेल्या फुगवट्यावर, जगात कोठेही खात्रीची शस्त्रक्रिया नव्हती. असा फुगवटा फुटतो हे सर्वांना ठाऊक असते. तो शेजाऱ्यांनाही पोखरतो, हे क्वचितच लक्षात येते. महाधमनीच्या कमानीखालून डावी श्वासनलिका जाते, लगतच अन्ननलिका असते, आणि डाव्या स्वरतंतूची चेता कमानीला वळसा घालून वर चढते. म्हणून बसलेला आवाज किंवा अडकणारा घास हीच या आजाराची पहिली तक्रार असू शकते.

दाब वाढत गेला की महाधमनी आणि शेजारची नळी या दोन पोकळ्यांमध्ये आडवाट पडते. तिला फिस्टुला म्हणतात. भगंदर हा याच जातीचा, पण कितीतरी सौम्य विकार. घशात अडकलेल्या हाडासारख्या वस्तूंनी अन्ननलिकेतून महाधमनीला होणाऱ्या इजांबद्दल लिहिताना विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १९१४ साली जो क्रम नोंदवला, तो विस्फारालाही लागू पडतो: छातीत वेदना, ताज्या रक्ताची एक छोटी गुळणी, मग काही तासांची किंवा दिवसांची फसवी शांतता आणि शेवटी प्राणघातक रक्तस्राव. या शांततेत छिद्र केवळ एका गुठळीने बुजलेले असते, आणि शल्यविशारदाला मिळणारा वेळ तेवढाच. श्वासनलिकेत आडवाट पडली असेल तर खोकल्यातून रक्त येते, आणि आपल्याकडे त्याचा संशय आधी क्षयावर जातो. दुर्बिणीने तपासताना गुठळी निसटण्याचा धोका असल्याने रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन आधी झालेले बरे.

छातीतील अवरोही, म्हणजे कमानीनंतर खाली उतरणाऱ्या, महाधमनीचा फुगलेला भाग कापून नवा जोडण्याची वाट शल्यविशारद डिबेकी व कूली यांनी १९५० च्या दशकात रुळवली. जांघेतून कापडी आवरणाचा स्टेंट सरकवून फुगवटा आतून झाकण्याचे किरणतज्ज्ञ डेक यांचे अनुभव १९९४ साली प्रसिद्ध झाले. श्वासनलिकेच्या फिस्टुलात स्टेंट पुष्कळदा पुरतो. अन्ननलिकेच्या बाबतीत मात्र तो केवळ रक्त थांबवतो, कारण लाळेतील जंतू छिद्रातून थेट त्या कापडापर्यंत पोहोचतात. म्हणून प्रकृती सावरल्यावर छाती उघडून दूषित भाग काढावा लागतो, शक्य तेथे मृत दात्याची महाधमनी बसवून तिच्याभोवती आतड्यांवर पदरासारखे पसरलेले चरबीचे आवरण गुंडाळले जाते, आणि अन्ननलिका बहुधा काढून टाकली जाते. त्यानंतर रुग्णाचे पोषण पोटात बसवलेल्या नळीतून होते. जठर वर ओढून नवी अन्ननलिका घडवण्याचे काम काही महिन्यांनी, जंतुसंसर्ग पुरता आटोक्यात आल्यावरच हाती घेतले जाते.