लॅपटॉपच्या झाकणातला अँटेना

लॅपटॉपचा अँटेना बाहेरून दिसत नाही. बहुतेक यंत्रांत तो झाकणाच्या वरच्या कडेला, पडदा आणि मागचे कवच यांच्यामधल्या काही मिलिमीटरच्या पट्टीत बसवलेला असतो. पातळ पत्र्याचा किंवा लवचिक फिल्मवरच्या तांब्याचा बोटभर तुकडा, एवढेच त्याचे रूप. सहसा असे दोन असतात आणि पडद्याच्या दोन कोपऱ्यांकडे एकमेकांपासून लांब ठेवलेले असतात. पूर्वी वायरलेससाठी लॅपटॉपच्या बाजूला कार्ड खुपसावे लागे आणि त्याचे टोक बाहेर डोकावत राही. ॲपलने १९९९ मध्ये आयबुकच्या आतच अँटेना दिला. इंटेलचे सेंट्रिनो २००३ मध्ये आले आणि ही सोय सर्रास झाली.

अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. २.४ गिगाहर्ट्झला लहर सुमारे १२ सेंटिमीटरची असते आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ३ सेंटिमीटर, अँटेनाला पुरतो. म्हणून रचनाकार ‘उलटा एफ’ हा आकार घेतात. जमिनीला समांतर पट्टी, तिचे एक टोक जमिनीला जोडलेले आणि त्या जोडापासून थोड्या अंतरावर केबलचा जोड. इथे जमीन म्हणजे पडद्यामागचा धातूचा पत्रा. केबलचा जोड मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकवला की अँटेनाचा रोध बदलतो. तो केबलच्या ५० ओहमशी जुळेपर्यंत ही सरकवासरकव चालते.

खरी कसोटी वारंवारितांच्या पट्ट्याच्या रुंदीची आहे. २.४ गिगाहर्ट्झचा वाय-फाय पट्टा मध्यवारंवारितेच्या जेमतेम साडेतीन टक्के रुंद आहे, तो सहज साधतो. ५.१५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ एकाच अँटेनात घ्यायचे, तर रुंदी ३२ टक्क्यांवर जाते. मोबाइल सिमचा लॅपटॉप असेल तर ७०० मेगाहर्ट्झही हवे. तिथे चौथा हिस्साच साडेदहा सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि तेवढी मोकळी जागा झाकणात मिळणे कठीण. अँटेना लहरीच्या मानाने जितका आखूड, तितका त्याचा पट्टा अरुंद. व्हीलर आणि चू यांनी १९४७-४८ मध्ये दाखवून दिलेली ही मर्यादा कोणत्याही युक्तीने ओलांडता येत नाही. जागा देऊनच रुंदी मिळते.

त्या मर्यादेच्या जवळ जाण्याचे मार्ग मात्र आहेत, आणि या विद्येचे एक ठाणे महाराष्ट्रात पवईला आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार आणि त्याच परिसरातल्या ‘समीर’ या संस्थेतले के. पी. रे यांचा रुंदपट्टी मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचा ग्रंथ २००३ मध्ये निघाला. कुमार यांनी १९८४ मध्येच के. सी. गुप्ता यांच्यासह मांडलेली एक कल्पना फार उपयोगाची ठरली. मुख्य पट्टीशेजारी बारीक फट ठेवून केबलला न जोडलेली दुसरी पट्टी बसवायची. फटीतून ती आपोआप थरथरते. दोघींची लांबी किंचित वेगळी ठेवली की परतून येणाऱ्या शक्तीच्या आलेखावरचे दोन खड्डे एकमेकांत मिसळतात आणि पट्टा रुंदावतो. लॅपटॉपच्या अँटेनांतही हेच तत्त्व दिसते. जमिनीतून निघालेली एक आखूड पट्टी वरचा पट्टा सांभाळते.

तुलनेसाठी खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहावी. तिथे ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत आणि सुधारणेनंतर तिथला एक ग्राहक २५० ते ५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे दुप्पट व्याप्ती, एकट्याने पेलतो. लॅपटॉपच्या पत्र्याकडून २.४ ते ७.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ तिप्पट व्याप्ती मागितली जाते, तीही बोटभर जागेत. मधल्या नको असलेल्या वारंवारिता सोडता येतात, हाच त्याचा दिलासा.

आकार जमला तरी शेजार त्रास देतो. धातूचे कवच लहर अडवते, म्हणून तिथे प्लॅस्टिकची खिडकी ठेवावी लागते. पडद्याचे सर्किट गोंगाट करते. अँटेनाची वारंवारिता हात जवळ आल्यानेही सरकते. केबल १.१३ मिलिमीटर जाडीची असते आणि बिजागरीतून खाली येते. ५ गिगाहर्ट्झला तिच्या अर्ध्या मीटरमध्ये दोन डेसिबलच्या आसपास, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शक्ती जिरते. पडद्याची चौकट बारीक करण्याच्या हौसेत काही यंत्रांत अँटेना बिजागरीजवळ ढकलला गेला, हे सुंदर दिसण्यासाठी मोजलेले दाम आहे.

वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारसारख्या गावी या गमावलेल्या शक्तीचा हिशेब लगेच लागतो. टॉवर दूर असला की फोन खिडकीत ठेवून त्याच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतात. मध्ये विटांची भिंत आणि वर टिनपत्रे असले, की एकेक डेसिबल मोलाचा.

पडदा किंवा बिजागरी दुरुस्तीला दिली असेल, तर यंत्र परत घेताना वाय-फाय दुसऱ्या खोलीतून तपासून घ्यावे. कार्डावर दाबून बसवलेल्या काळ्या आणि पांढऱ्या तारांपैकी एक निसटली असेल, तर शेजारी ठेवलेल्या फोनशी जोडणी ठीक चालते आणि दोष भिंतीपलीकडे गेल्यावरच कळतो.