गोड्या समुद्राकाठचा तंबू

लाट अंगावर आली, चुकून घोटभर पाणी तोंडात गेलं आणि ते खारट लागलंच नाही, असं कधी झालंय तुमचं? मिशिगन लेकमध्ये पहिल्यांदा उतराल तेव्हा होईल. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटांची गाज येतेय, पायाखाली मऊ वाळू. डोळे म्हणतात समुद्र, जीभ म्हणते नळाचं पाणी. नावाला तलाव, पण क्षेत्रफळ जवळपास 58 हजार चौरस किलोमीटर. अख्ख्या महाराष्ट्रात असे पाचच मावतील.

तुमच्यातले काही जण एमएससाठी मिशिगनला यायच्या तयारीत असतील. पहिल्याच उन्हाळ्यात इथले सीनियर्स एक नाव कानावर घालतील: स्लीपिंग बेअर ड्यून्स. अ‍ॅन आर्बरहून गाडीने चार-साडेचार तास. लेकच्या काठाने वाळूचे डोंगर, आणि 1970 पासून राष्ट्रीय दर्जा मिळालेला संरक्षित किनारा. नावामागे इथल्या मूळ रहिवाशांची, अनिशिनाबे लोकांची गोष्ट आहे. पलीकडे विस्कॉन्सिनच्या जंगलात वणवा पेटला, म्हणून एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन पोहत निघाली. ती काठाला लागली, पिल्लं दमून बुडाली. वाट बघत झोपलेली आई म्हणजे ही टेकडी, आणि पिल्लं म्हणजे समोरची दोन मॅनिटू बेटं. गोष्ट सांगताना सगळे अस्वलावर थांबतात. पण ती मुळात पोहताना दमण्याची गोष्ट आहे, तेवढं लक्षात ठेवा.

राहायला आम्ही डी. एच. डे कॅम्पग्राउंड निवडलं, कारण स्वस्त. 88 जागा, झाडीत विखुरलेल्या. याला इथे ‘रस्टिक’ म्हणतात. या शब्दाने भुलू नका. त्याचा अर्थ एवढाच की वीज नाही, आंघोळीची सोय नाही आणि संडास खड्ड्याचे, फ्लशबिश काही नाही. नळ आहे, पण तुमच्या तंबूपाशी नाही. (रिकामी बाटली सोबत ठेवा, का ते मराठी माणसाला सांगायला नको.) प्रत्येक जागेवर टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. शेकोटीची लाकडं मात्र घरून गाडीत टाकून नेऊ नका. 2002 मध्ये याच राज्यात एक हिरवा भुंगा सापडला, अ‍ॅशची झाडं पोखरणारा. लोकांनी इकडून तिकडे नेलेल्या सरपणातून तो लांब लांब पोचला आणि कोट्यवधी झाडं गेली. लाकूड तिथेच विकत घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. जाताना मला ती कुणी नीट सांगितली नव्हती.

पहिल्या दिवशी सगळे ‘ड्यून क्लाइम्ब’ नावाची टेकडी चढतात. धापा टाकत माथ्यावर पोचलं, की समोर लेक दिसेल असं वाटतं. दिसते ती पुढची वाळू. पाण्यापर्यंत जाऊन परत यायला साडेतीन मैल, सगळे वाळूतले, चढउताराचे. आम्ही निम्म्यातून परतलो. तो शहाणपणा दुसऱ्या दिवशी टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो गाडीरस्त्यावरच्या त्या प्रसिद्ध कड्यावर. पायाखालून वाळूची भिंत थेट पाण्यात उतरते, 450 फूट. कडेला भलीमोठी पाटी आहे: उतरू नका, वर यायला फार वेळ आणि दम लागतो, सोडवायला माणसं यावी लागली तर खर्च अंगावर पडेल. आमच्यातला पुण्याचा रूममेट म्हणाला, ‘‘सिंहगडापुढे हे काय आहे!’’ आणि पळत सुटला. मागोमाग आम्ही दोघी. पाण्याच्या बाटल्या गाडीत.

उतरायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. उडी मारली की वाळू आपणच खाली नेते, जाम भारी वाटतं. खाली पाण्यात पाय बुडवले, फोटो काढले, मग मान वर केली. वरची माणसं मुंगीएवढी.

सिंहगडाची पायवाट दगडमातीची. तुम्ही पाय रोवलात की ती तुम्हाला वर ढकलते. कोरडी वाळू तसं करत नाही. ती तिला झेपेल तेवढ्याच उतारावर, साधारण 34 अंशांवर, कशीबशी तोललेली असते. पाय टेकवला की तोल मोडतो आणि वाळू घसरते. एक पाऊल वर, पाऊण पाऊल खाली. आम्ही चारही पायांवर आलो. दुपारची वाळू तापलेली, तळहात भाजत होते. निम्म्या वाटेवर माझ्या मैत्रिणीला गरगरायला लागलं, उलटी झाली. सावली नाही, बसलं तरी घसरायला होतं. मी फोन हातात घेतला आणि 911 दाबायच्या आधी माझ्या डोक्यात काय आलं सांगू? खर्च. बँकेत किती पैसे आहेत ते. मैत्रीण डोळ्यांसमोर पांढरी पडलेली असताना मी हिशेब करत होते. याची मला अजून लाज वाटते.

वरून एक आजोबा वीसेक पावलं खाली आले, हातात पाण्याची बाटली. त्या बाटलीवर ती शेवटचा टप्पा चढली. आम्हाला दीड तास लागला. तुमच्यावर ती वेळ आली तर माझ्यासारखं मोजत बसू नका, फोन लावा.

पाण्याचंही तेच. ‘तलावच तर आहे’ म्हणून उतरू नका. इथल्या किनाऱ्यावर जीवरक्षक नाहीत. वारा सुटला की लाटा उठतात आणि आत ओढणारे प्रवाह तयार होतात, अगदी कोकणात होतात तसे. जूनमध्ये पाणी इतकं गार असतं की श्वास अडकतो. आणि गोड्या पाण्यात शरीर खाऱ्या पाण्याइतकं सहज तरंगत नाही. प्रवाहात सापडलात तर काठाकडे जोर लावून दमू नका. उताणे व्हा, तरंगत राहा, ओरडा, आणि ओढ कमी झाली की बाजूने बाहेर या. हवेच्या गादीवर पडून डुलक्या तर अजिबात नकोत. जमिनीकडून वारा असेल तर गादी आत निघून जाते.

जायचं मात्र नक्की. उन्हाळ्यातल्या जागा खूप आधी ऑनलाइन भरतात, तेव्हा सेमिस्टर संपायची वाट बघत बसू नका. वाळूवर दोरी लावून बंद केलेला भाग दिसला तर वळसा घाला, तिथे पायपिंग प्लोव्हर नावाचा दुर्मीळ पक्षी अंडी घालतो. छान छान दगड दिसतील, खिशात घालू नका, बंदी आहे.

जूनमध्ये इथे सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. त्या संध्याकाळी आम्ही कॅम्पपासून चालत किनाऱ्यावर गेलो, पोटऱ्या धरलेल्या, कुणी फारसं बोलत नव्हतं. समोर दोन्ही बेटं काळी होत गेली. मैत्रीण म्हणाली, ‘‘अस्वलाची पिल्लं ना ती?’’ आणि मग बराच वेळ नुसती बघत राहिली. परत आलो तर टेबलावर विसरलेलं भाकरवडीचं पाकीट एका रॅकूनने फाडून अर्धं संपवलं होतं. खाणं गाडीत ठेवा, हीही पाटी तिथे होतीच.