फोटो हलला आहे!

आमच्या घरात एक जुना कौटुंबिक फोटो आहे. फोटोग्राफरने काळ्या कापडात डोकं घालण्यापूर्वी ‘आता कुणी हलायचं नाही हं!’ असं बजावलं होतं. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो, पण धाकट्या भावाला नेमकी तेव्हाच माशी दिसली. फोटोत त्याला दोन नाकं आहेत. परवा हा फोटो आठवला तो हृदयाच्या निमित्ताने.

दोन वर्षांपूर्वी जिना चढताना छातीत जडपणा वाटू लागला. डॉक्टरांनी हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन सांगितला. यात मांडीतून किंवा मनगटातून हृदयापर्यंत नळी घालत नाहीत. हाताच्या शिरेतून औषध सोडतात आणि यंत्र चित्रं घेतं. एका गर्दीच्या ठिकाणी गेलो. माझी नाडी 88 होती. कुणी थांबवलं नाही, अर्ध्या तासात बाहेर. अहवाल आला : उजव्या धमनीत मोठा अडथळा. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. मी मुदत ठेवींच्या पावत्या काढून बसलो. बँकवाल्याचं दुःखही हिशेबातच मावतं. ‘‘अहो, ठेवा ते आता,’’ असं सौ. तीनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एका वयस्कर हृदयरोगतज्ज्ञांनी अहवाल बाजूला ठेवला आणि चित्रं स्वतः पाहिली. म्हणाले, ‘‘शेजारची बरगडी बघा, कशी रेखीव आहे! आणि धमनीच्या कडा मात्र दुहेरी. इथे अडथळा आहे की नाही, हे या चित्रावरून सांगताच येत नाही. फोटो हलला आहे.’’

मग मी नेहमीच्या सवयीने हिशेब मांडला. हृदयाची धमनी उगमापाशी जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद. त्यातही उजवी धमनी सर्वांत जास्त झोके घेते. सेकंदाला 50 मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक. यंत्राची क्ष-किरण नळी आपल्याभोवती सुमारे पाव ते एक तृतीयांश सेकंदात एक फेरी मारते आणि चित्रासाठी तिला साधारण अर्धी फेरी लागते. म्हणजे सेकंदाचा सहावा ते आठवा भाग. तेवढ्यात धमनी 6-8 मिलिमीटर सरकली, तर ती स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकली! दोन नाकं येणार नाहीत तर काय?

मुळात हे यंत्र स्थिर वस्तूंसाठीच जन्मलं. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचं चित्र घेतलं, ते डोक्याचं. एकेका चित्राला काही मिनिटं लागत. डोकं तेवढा वेळ निमूट ठेवता येतं, हृदय नाही. पुढे यंत्रं वेगवान झाली. 2005 मध्ये दोन नळ्यांचं यंत्र आलं आणि पाव फेरीतच काम भागू लागलं. तरीही खरी युक्ती वेगळीच आहे. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर विसावतं. छातीला लावलेल्या ईसीजीच्या तारा तो क्षण यंत्राला दाखवतात. नाडी 60 च्या आसपास असेल तर हा विसावा चांगला लांबतो. ती वाढली की सर्वांत आधी आखडतो तो विसावाच. घाईच्या दिवशी आपण दुपारची वामकुक्षीच नाही का आधी कापत?

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी सकाळपासून चहा बंद. तिथे नाडी मोजली, माझ्या औषधांची आणि दम्याची चौकशी केली, ठोके मंदावणारी गोळी दिली आणि तासभर नुसतं बसवून ठेवलं. धमन्या रुंदावणारं औषध जिभेखाली दिलं. श्वास रोखण्याची चक्क रंगीत तालीम झाली. नाडी 58 वर आल्यावर तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, ‘‘चला काका, आता छान येईल फोटो.’’ तिच्या त्या वाक्याने आणखी दोन ठोके कमी झाले असावेत.

उजवी धमनी स्वच्छ निघाली. डावीत थोडा कॅल्शियमचा थर आहे. त्यासाठी रोजची गोळी आणि रोजचं चालणं चालू आहे.

आम्ही बँकेत चेकवरची सही नमुन्याशी जुळली नाही तर ‘सही जुळत नाही’ एवढाच शेरा मारून चेक परत करत असू. ‘सही खोटी आहे’ असं लिहिण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. अहवालातही ‘या भागाचं चित्र अस्पष्ट, निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहिण्यात कमीपणा नाही. त्या एका ओळीने आमच्या घरची एक रात्र वाचली असती. आणि उलटही घडू शकतं : पुसट चित्रात खरा अडथळा लपून राहतो आणि माणूस निर्धास्त घरी जातो. म्हणून तासभर थांबायला सांगितलं तर कुरकुरू नका. कुणी घाई करत असेल, तर आपली नाडी किती आहे, हे अवश्य विचारा.

तो जुना फोटो अजून भिंतीवर आहे. त्याला बघून आई हसायची आणि म्हणायची, ‘‘हलला गं बाई!’’ पोराला दोन नाकं आहेत, असं तिला कधी वाटलं नाही.