टीव्ही घेताना काळा रंग बघा

सप्टेंबर २०२५मध्ये ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ४३ इंची पडदा बऱ्याच घरांच्या आवाक्यात आला. दुकानात शिरताच ऐकू येतं ते ‘फोर-के’. ८३ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या चौपट! पण बघणाऱ्या डोळ्याचं काय? एका अंशाच्या साठाव्या भागाहून कमी कोन करणारे ठिपके साधारण निरोगी डोळ्याला सुटे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा पिक्सेल अर्धा मिलिमीटर रुंद असतो; सहा फुटांवर बसलात तरी तो वेगळा ओळखू येत नाही. सोफा नऊ-दहा फुटांवर असेल तर फोर-केसाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

चित्राचा कस लागतो तो काळ्या रंगात. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकला जातो तो एलसीडीच असतो. मागे एलईडीचे दिवे सतत जळत असतात आणि पुढचे द्रवस्फटिक गरजेप्रमाणे उजेड अडवतात. तो पुरता अडवला जात नाही, म्हणून रात्रीच्या प्रसंगात काळं आकाश राखाडी दिसतं. एलसीडीच्या आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये पांढरा भाग काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो, व्हीए प्रकारात तीन हजारपट किंवा त्याहून जास्त. मात्र व्हीएकडे बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. भिंतीला टेकून, दारात उभं राहून सगळं घर मॅच बघत असेल तर आयपीएस बरं. दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्यांनी व्हीए घ्यावं.

‘क्यूएलईडी’ टीव्हीमधले क्वांटम डॉट, म्हणजे अतिसूक्ष्म कण, हे खरं विज्ञान आहे. त्यांच्या शोधाला २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कण जितका लहान, तितका त्याचा प्रकाश निळ्याकडे झुकतो. मोठा कण लाल प्रकाश देतो. रंग त्यामुळे शुद्ध होतात, पण पडदा एलसीडीचाच असल्याने काळ्याचं दुखणं कायम राहतं. खोक्यावरच्या ‘एचडीआर’ला, म्हणजे जास्त झळाळीच्या दाव्यालाही, भुलू नका. सिनेमे बहुधा १००० निट्सच्या झळाळीसाठी तयार केलेले असतात आणि स्वस्त पडदे जेमतेम अडीचशे-तीनशे गाठतात. एचडीआरचा संदेश टीव्हीला कळतो, पण ती झळाळी दाखवण्याची ताकद नसते.

दुकानात टीव्ही झगमगत्या ‘व्हिव्हिड’ मोडवर लावलेले असतात. तो बदलून ‘सिनेमा’ मोड लावायला सांगा, रात्रीचा एखादा प्रसंग सुरू करा आणि पडद्याचे चारही कोपरे न्याहाळा. दुकानदार नाही म्हणाला, तर सरळ पुढचं दुकान गाठा.