गहू न सोसणाऱ्यांचे पथ्य
घोलवडकडे घरोघरी भात, नाचणी आणि मासळी. पण आता पोळी-बिस्किटेही आलीच. ती खाऊ लागल्यावर मुलाला सतत जुलाब होतात, पोट फुगते, वाढ खुंटते, तेव्हा दृष्ट काढून स्वस्थ बसू नये. तो सीलिअ‍ॅक आजार असू शकतो. गहू व सातू यांतील ग्लुटेनमुळे अशांच्या आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. हॉलंडच्या डॉ. डिके यांनी १९५० मध्ये गव्हाचा हा दोष दाखवून दिला.

रक्ततपासणीपूर्वी मात्र गहू बंद करू नका. दुखणे सापडत नाही. निदान झाले की गहू जन्मभर वर्ज्य.

तांदळाची भाकरी, नाचणीची आंबील, वरी, डाळ, चिकू सारे चालते. खरी मेख गिरणीत! गव्हामागोमाग नाचणी दळली की तिच्यात गव्हाचे पीठ उतरतेच. म्हणून माळ्यावरचे जाते खाली काढा, स्वच्छ धुवा आणि त्यावर गहू दळू नका. बाजारच्या बऱ्याच हिंगातही गव्हाचे पीठ असते. आणि लग्नघरी ‘एवढीशी लापशी खा, काही होत नाही’ म्हणणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा.