केसांची कुळकथा (लेखांक ११) : सोवळ्या बाईंची शाळा

बदलापूरहून रोज लोकलने अंबरनाथला येणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. आनंदनगर एमआयडीसीलगतच्या एका खासगी प्रशिक्षण केंद्रात त्या मुला-मुलींना लेथ शिकवतात. उन्हाळ्यात त्यांनी केस अगदी बारीक करून घेतले आणि थोड्याच दिवसांत ऑफिसातून बोलावणं आलं. कामाबद्दल तक्रार नव्हती. पण मुलींसमोर बाईंनी बाईंसारखं दिसावं, पालक विचारतात, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांचा प्रश्न सरळ आहे : शिकवणाऱ्या बाईच्या केसांवर शाळेचा हक्क लागू झाला तो कधीपासून?

प्रश्न इतका चांगला आहे की अख्खा लेखांक त्याच्यावर घालवतो.

आधी लेथचं. निम्मं आयुष्य टर्निंगच्या कामात गेलेल्या माणसाला हे पत्र वाचून पहिल्यांदा हसू आलं. फिरत्या चकसमोर, ड्रिलच्या स्पिंडलसमोर सगळ्यात सुरक्षित डोकं कुठलं, तर बारीक केसांचं. सुटी वेणी आणि ओढणी यांची भीती प्रत्येक निदेशक पहिल्याच दिवशी घालतो. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम २२ याच भीतीतून आलेलं. चालू यंत्राला तेल घालणं, पट्टा चढवणं ही कामं अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या, शिकवून तयार केलेल्या पुरुषानेच करायची, असं ते सांगत होतं. चालू यंत्रापासून इजा होण्याचा धोका असेल तिथे बाईने ते पुसू नये, तेल घालू नये. म्हणजे पुरुषाचे कपडे आवळले आणि बाईला बाजूला केलं. वेणी आवळून टोपीत घातली की भागतं, हा विचार कायद्याला सुचला नाही.

अमेरिकेला तो दुसऱ्या महायुद्धात सुचला होता. व्हेरॉनिका लेक नावाच्या नटीचे केस एका डोळ्यावरून खाली ओघळायचे आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या हजारो मुली तिची नक्कल करायच्या. केस यंत्रात अडकतील या धास्तीने सरकारने त्या नटीलाच विनंती केली, आणि १९४३ मध्ये तिने केस वर बांधून बातमीपटात दाखवले. केसांची फॅशन सरकारी कामाला लागल्याचा इतका गमतीदार दाखला मला दुसरा ठाऊक नाही. असो. ताईंच्या ऑफिसला चकची काळजी नव्हतीच, ती पालकांची होती. आणि पालकांच्या काळजीचा इतिहास महाराष्ट्रात चांगला सव्वाशे वर्षांचा आहे.

बारीक केसांची मास्तरीण आपल्याला नवी नाही, हे ताईंनी ऑफिसात खुशाल सांगावं. पंडिता रमाबाईंचे फोटो पाहा. पांढरी साडी आणि आखूड कापलेले केस. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८८९ च्याच डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत विधवांच्या विद्रूपीकरणाविरुद्धच्या, म्हणजे केशवपनाविरुद्धच्या, ठरावावर त्या बोलल्या. नाभिकांचा १८९० चा संप, जो मागच्या दोन लेखांकांत झाला, तो याच्या पाठोपाठचा. वस्तरा चालवणाऱ्याने हात आखडता घेतला तेव्हा ज्यांच्या डोक्यावर तो चालायचा त्यांच्यातली एक बाई शाळा काढून बसली होती, हे संपाच्या गोष्टीत सहसा येत नाही.

सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई. लहानपणीच लग्न, लहानपणीच वैधव्य, मग सासरी, नातूंच्या घरी, वर्षानुवर्षं राबणं. भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता, त्याने तिला आणलं. ११ मार्च १८९३ ला, सदनाच्या वाढदिवशीच, पुण्यात तिचा पुनर्विवाह झाला तो भावाच्या मित्राशी, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांशी. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्या संस्थेच्या बाया कर्वे. नव्या आयुष्यात वस्तऱ्याला जागा नव्हती. मुरूडला कर्व्यांच्या गावाने मात्र दोघांना वाळीत टाकलं.

त्याच वर्षी पुण्यात शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला आणि पालकांनी मुली भराभर काढून नेल्या. कर्व्यांनी हे जवळून पाहिलं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापली आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला, तेव्हा पुनर्विवाहाची चळवळ आणि विधवांचं शिक्षण यांच्यामध्ये त्यांनी मुद्दाम भिंत घातली. आश्रमात आलं की मुलगी दुसरं लग्न करते, असं एकदा बोललं गेलं की पुन्हा कोण पाठवणार? ही भिंत शहाणपणाची होती, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिची किंमत कोणी चुकवली ते पाहायला हवं. खुद्द बाया कर्वे पुनर्विवाहित. त्यांचा वावर दिसला तर सनातनी पालक बिथरतील, म्हणून नवऱ्याच्याच संस्थेपासून त्यांना अंतरावर राहावं लागलं. ही सल त्यांच्या ‘माझे पुराण’मध्ये आहे.

आणि आश्रमाच्या आत कोण? त्यांची सख्खी धाकटी बहीण, पार्वतीबाई आठवले.

माझ्या मते या कुळकथेतलं सगळ्यात अवघड डोकं पार्वतीबाईंचं आहे. जन्म १८७०. विशीच्या आसपास वैधव्य आलं, पदरात एक मुलगा, आणि रीतीप्रमाणे केशवपन. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्याला बहिणीकडे येऊन शिकू लागल्या. शिकल्या, शिकवू लागल्या, आश्रमाच्या सुपरिंटेंडेंट झाल्या आणि गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करू लागल्या. डोक्यावर पदर, पदराखाली वस्तरा फिरवलेलं डोकं. या रूपाला घराघरात दार उघडायचं. एका सोवळ्या बाईने ओसरीवर बसून सांगितलं की आश्रमात मुलगी बिघडत नाही, तर ते खरं मानलं जायचं. तेच सकेशा विधवेने सांगितलं असतं तर आजीबाईंनी आधी तिच्या अंबाड्याकडे पाहिलं असतं.

आता गंमत अशी की केशवपन चुकीचं आहे हे पार्वतीबाईंना पटलं, तेव्हा त्या या कामात बुडालेल्या होत्या. मन बदललं होतं, पण वस्तरा चालूच राहिला, कारण डोकं त्यांचं एकटीचं राहिलं नव्हतं, ते आश्रमाची पाटी झालं होतं. देणगीदाराला पटणारं. एखाद्या तत्त्वनिष्ठ माणसाला हा दुटप्पीपणा वाटेल. मला तो वाटत नाही. पोरींची फी, धान्य, शाळेचं छप्पर हे सगळं समोर असताना स्वतःच्या केसांचा प्रश्न मागे ठेवणारी बाई हिशेबी होती, आणि हिशेब तिच्या बाजूने होता. पुढे अमेरिकेला जाण्याआधी त्यांनी केस वाढवले. टीका झाली, बहुधा अपेक्षेइतकीच. पण तोवर त्यांच्या नावाला वजन आलं होतं आणि आश्रमही पायावर उभा होता. ‘माझी कहाणी’ या १९२८ च्या आत्मचरित्रात त्यांनी यावर स्वतंत्र लिहिलं आहे, आणि जस्टिन ॲबट यांनी दोन वर्षांनी त्याचं इंग्रजीही केलं.

इथे पैशाची बाजू सांगायलाच हवी, कारण केशवपनावर लिहिणारे धर्मशास्त्राशीच थांबतात. विधवेच्या बांधलेल्या केसांनी नवरा परलोकात बांधला जातो, असं काशीखंडाचं म्हणणं, ते ठीक. पण रोजच्या व्यवहारात सकेशा विधवेच्या हातचं देवाला, श्राद्धाला चालत नसे. सोवळीच्या हातचं चाले. म्हणजे निराधार ब्राह्मण बाईला चार घरी स्वयंपाकीण म्हणून पोट भरायचं तर वस्तरा हा एक प्रकारचा परवानाच होता. केस ठेवले तर रोजगार गेला. ही कोंडी भाषणांनी फुटली नसती. ती फुटली शिक्षिका, नर्स, सुईण अशा नोकऱ्यांनी, जिथे हातचं चालतं की नाही हे कोणी विचारत नाही. बाया कर्व्यांनी नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं ते उगीच नव्हे. पण नव्या नोकरीने जुनी अट सोडली तरी नवी लावलीच : बाई आदर्श दिसली पाहिजे. ताई, तुमच्या ऑफिसचा हक्क इथून येतो.

पार्वतीबाई १९१८ ते १९२० अमेरिकेत होत्या. इंग्रजी शिकायचं म्हणून लोकांच्या घरी घरकाम करत राहिल्या. त्याच काळात त्या देशातल्या काळ्या बायकांमध्ये केसांवरून मोठी घुसळण चालली होती. १९१८ मध्ये ॲनी मलोन यांनी सेंट लुईसला पोरो कॉलेजची इमारत उभी केली. केसांची निगा शिकवणारी ही शाळा, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या मुलींना घरकामाखेरीज दुसरी कमाई. मॅडम सी. जे. वॉकर, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांची मुलगी, धुणं धुऊन पोट भरलेली, याच धंद्यावर श्रीमंत झाली आणि मे १९१९ मध्ये वारली. १९१२ च्या काळ्या व्यापाऱ्यांच्या परिषदेत बुकर टी. वॉशिंग्टन तिला बोलू देईनात, तेव्हा ती आपणहून उठून बोलली होती. उलट बाजूला नॅनी बरोज. त्यांनी १९०९ मध्ये वॉशिंग्टन शहरात मुलींची प्रशिक्षण शाळा काढली. त्याआधीच, १९०४ सालच्या एका लेखात त्यांनी केस सरळ करण्याच्या आणि कातडी उजळण्याच्या हौसेवर कोरडे ओढले होते. एकीकडे केस सरळ दिसले तर नोकरी मिळते, दुसरीकडे ते सरळ करणं हीच शरम. या पेचातल्या शिक्षिकांना पार्वतीबाई अर्ध्या वाक्यात कळल्या असत्या.

तिकडे कायद्याचा हात केसांपर्यंत फार आधी पोचलेला. १७८६ मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने, एस्तेबान मिरोने, काळ्या स्त्रियांनी डोकं कापडाने झाकावं असा हुकूम काढला. बायकांनी तीच कापडं इतकी देखणी बांधली की हुकमाचा उद्देश फसला. पुढे १९६९ मध्ये तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या अँजेला डेव्हिस यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून काढायला निघाले ते कम्युनिस्ट म्हणून, पण जगाच्या लक्षात राहिला तो त्यांचा गोल, फुलारलेला केशसंभार. लोक आपल्याला केसांवरूनच ओळखतात, याची खंत त्यांनी नंतर लिहिली. विचार सांगायला उभी राहिलेली बाई केशरचनेत जमा होते, हा धोका दोन्ही टोकांनी आहे.

नोकरीचं ताजं उदाहरण हवं असेल तर अलाबामातलं. २०१० मध्ये चॅस्टिटी जोन्स या काळ्या तरुणीला देऊ केलेली नोकरी मागे घेतली गेली, कारण तिने जटेसारखे वळलेले केस कापायला नकार दिला. २०१६ मध्ये वरिष्ठ न्यायालय म्हणालं, केशरचना बदलता येते, वंश बदलता येत नाही. म्हणून हा वंशभेद नव्हे. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया गर्ल्स हायस्कूलच्या मुलींनी आपल्या नैसर्गिक केसांवरच्या बंधनाविरुद्ध आवाज उठवला. आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने शाळा आणि नोकरी दोन्हीकडे असा भेदभाव बेकायदा ठरवणारा पहिला राज्य कायदा केला.

आपल्याकडे केसांसाठी असा वेगळा कायदा नाही. ताईंनी ऑफिसकडे लेखी नियम मागावा, एवढंच सुचवतो. ‘सर्व प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थींनी यंत्रासमोर केस टोपीत बांधावेत’ असा नियम असेल तर तो सगळ्यांना लागू होतो, आणि ताई तो आधीच पाळतात. ‘बाईंसारखं दिसावं’ हे कोणी सही करून देईल असं मला वाटत नाही.

या आठवड्यात खरं तर जटेचं प्रकरण यायचं होतं. डोक्यात गुंता झाला की देवीचं बोलावणं समजून मुलीला शाळेतून काढणारी घरं, आणि शेकडो बायांच्या जटा समजावून-सांगून सोडवणाऱ्या पुण्याच्या नंदिनी जाधव. ते आता पुढच्या वेळी. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतींवरच्या बायकांचे अंबाडेही राहिलेत; वाचकांपैकी कोणाकडे त्यांचे जवळून काढलेले फोटो असतील तर जरूर पाठवा, त्या केशरचना मोजायला मला हव्यात.