शांताराम बापू आणि दादा कोंडके: एकाच फडातले दोघे

पाथरी, मानवत, सेलूकडं जुन्या सिनेमावर गप्पा रंगल्या की व्ही. शांताराम हे नाव आदरानं घेतलं जातं आणि दादा कोंडक्यांचं नाव येताच हशा पिकतो. एकाला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तर दुसऱ्याच्या वाट्याला ‘चावट’ हा शिक्का आला. पण या दोन अवलियांची कारकीर्द शेजारी-शेजारी ठेवून बघा, मोठी गंमत आहे!

सगळ्यात भारी योग १९७१ आणि १९७२ चा. दादांच्या ‘सोंगाड्या’त भोळा नाम्या तमाशातल्या कलावतीच्या पायी घरातून हाकलला जातो आणि फडात सोंगाड्या होतो. पुढच्याच वर्षी आलेल्या बापूंच्या ‘पिंजरा’त आदर्श गुरुजी तमाशातल्या चंद्रकलेच्या पायी गाव सोडतात आणि फडात पडेल ते काम करू लागतात. म्हणजे गोष्ट जवळपास तीच. एकात हसून पोट दुखतं, दुसऱ्यात घशात आवंढा येतो. दोन्हींचं संगीत राम कदमांचं, दोन्हींत गळा उषा मंगेशकरांचा आणि पडद्यावर निळू फुलेही दोन्हीकडं! ‘सोंगाड्या’चं दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं होतं, पण निर्माता आणि नायक दादाच. ‘पिंजरा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सोंगाड्या’ला मात्र दादरच्या कोहिनूर थिएटरात पडदा मिळवण्यासाठी बाळासाहेब ठाकऱ्यांची शिवसेना मदतीला यावी लागली. माझं मत विचाराल तर तमाशाच्या फडातला माणूस दादांनी जास्त आतून ओळखला होता. ‘विच्छा माझी पुरी करा’ या त्यांच्या लोकनाट्याचे शेकडो प्रयोग उगाच होत नसतात.

सेन्सॉरशी झगडा म्हटलं की दादाच आठवतात. ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ असली नावं सिनेमांना देणारा माणूस; नाव सरळ वाचलं तर आक्षेपाला जागाच नाही! पण सिनेमाच्या नावावरून बापूही अडकले होते, तेही दोनदा. १९३० साली ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव इंग्रज सरकारला खुपलं आणि ‘उदयकाल’ करावं लागलं. मग १९३५ साली आपल्याच गोदाकाठच्या, पाथरीहून नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या पैठणच्या एकनाथांवर चित्रपट काढला. नायक साक्षात बालगंधर्व. नाव ‘महात्मा’. गांधीजींच्या काळात हे नाव सरकारला कसं चालावं? झालं ‘धर्मात्मा’!

वयाची पर्वा दोघांनाही नव्हती. दादा चाळिशीच्या उंबरठ्यावर नायक झाले, नाडी लोंबणारी ढगळ चड्डी घालून. बापू पंचावन्नी ओलांडल्यावर ‘दो आँखें बारह हाथ’साठी खऱ्याखुऱ्या बैलाशी झुंजले आणि डोळ्यांना जबर इजा करून घेतली. डोळ्यांवरची पट्टी सुटल्यावर त्यांनी काय काढावं? रंगांची उधळण असलेला ‘नवरंग’! त्यात संध्याबाईंच्या नाचात हत्तीही आहे. नायिकेच्या बाबतीतही दोघांचं एकदा ठरलं की ठरलं. इकडं संध्या, तिकडं उषा चव्हाण.

मोठ्या शाळा-कॉलेजचं पाठबळ दोघांनाही नव्हतं. दोघांचाही सिनेमात प्रवेश कोल्हापूरच्या गुरूंमुळे झाला. बापूंना बाबूराव पेंटरांनी घडवलं, दादांना भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’त आणलं. पुढं बापूंनी बर्लिनचं रौप्य अस्वल आणलं आणि दादांनी ओळीनं नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपट देऊन गिनेस बुकात नाव कोरलं. रौप्य दोन्हीकडं, हेही लक्षात ठेवा.

आणि नवी नावं देण्याची हौस! ‘गीत गाया पत्थरों ने’च्या वेळी रवी कपूर नावाच्या पोराला बापूंनी जितेंद्र केलं. ‘पांडू हवालदार’च्या वेळी दादांनी संगीतकार विजय पाटील आणि त्यांच्या जोडीदाराला राम-लक्ष्मण केलं. त्यातला राम, म्हणजे जोडीदार, लवकर गेला, तरी लक्ष्मण झालेल्या पाटलांनी जोडीचं नाव सोडलं नाही. १९८९ साली ‘मैंने प्यार किया’ची गाणी देशभर वाजली, तेव्हा संगीतकार म्हणून पडद्यावर नाव होतं रामलक्ष्मण, दादांनी ठेवलेलं.